गुढीपाडव्याआधी आंब्याचं ऑनलाइन दुकान: एका फ्रीलान्स वेबकामाचं प्रकरण

वेबसाइटचं अंदाजपत्रक देताना बहुतेक फ्रीलान्सर पानं मोजतात. मुखपृष्ठ, आमच्याविषयी, उत्पादनं, संपर्क, आणि झालंच तर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा). ब्रोशरसारख्या साइटला हा हिशेब चालतो. रोज भाव बदलणारा, अडीच महिन्यांत संपणारा नाशवंत माल विकायचा असेल तर हाच हिशेब डेव्हलपरला बुडवतो. पुढचं प्रकरण त्याचंच आहे. ते नमुन्याचं आहे: कोकणातल्या हंगामी विक्रेत्यांच्या अशा कामांत जे वारंवार घडतं ते एका कामात गुंफलं आहे. त्यामुळे बागायतदार किंवा डेव्हलपर म्हणून कोणी ठरावीक माणूस शोधू नये. रकमा आणि तास मात्र अशा कामांत प्रत्यक्ष येतात त्याच मापाचे आहेत.

ग्राहक रत्नागिरी तालुक्यातला बागायतदार. हापूस, थोडा पायरी, शिवाय आमरसाचे डबे आणि आंबापोळी. विक्री आजवर वाशीच्या बाजारात आणि फोनवर पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या घरांत. डेव्हलपर कोल्हापुरात एकटा काम करणारा. विचारणा २०२५ च्या जानेवारीतल्या दुसऱ्या आठवड्यात आली. दुकान गुढीपाडव्याआधी, म्हणजे ३० मार्चच्या आत सुरू हवं आणि अक्षय्य तृतीयेची, ३० एप्रिलची, गर्दी त्यावरून निभावली पाहिजे, एवढीच मागणी. तारखेत हलवाहलव नाही, कारण जूनच्या पावसानंतर विकायला आंबाच नसतो.

काय ठरलं

अंदाजपत्रक ₹६५,०००. वर्डप्रेसवर वू-कॉमर्स (साइटवर दुकान चालवणारं प्लगिन), सात पानं, ऑनलाइन पेमेंट, कुरियरचे दर, एक तासाचं प्रशिक्षण. हप्ते ४०, ४० आणि २० टक्के: ₹२६,००० आगाऊ, ₹२६,००० चाचणीची साइट मान्य झाल्यावर, ₹१३,००० 'साइट लाइव्ह झाल्यावर'. होस्टिंग, डोमेन आणि गेटवेचा खर्च ग्राहकाने थेट भरायचा. हे शेवटचं कलम चांगलं होतं आणि पुढे उपयोगी पडलं. 'लाइव्ह झाल्यावर' हे शब्द मात्र ढिले होते. त्याची किंमत पुढे येईलच.

कामाचा अंदाज ७० तासांचा धरला होता, म्हणजे तासाला साधारण ₹९३०. प्रत्यक्षात ११८ तास लागले आणि दर ₹५५० वर आला. वरच्या ४८ तासांची फोड अशी: मजकूर आणि फोटो १६, डोमेन आणि ईमेल ७, पेमेंटचा घोटाळा १३, आणि 'सर, जरा एवढं करून देता?' या सदरात १२. यातला एकही तास डिझाइनवर किंवा नव्या पानावर गेलेला नाही.

डेव्हलपरची उलाढाल ₹२० लाखांच्या खाली असल्याने त्याला जीएसटी नोंदणी लागत नव्हती. बिलावर जीएसटी लावला नाही, आणि नोंदणी नसताना लावताही येत नाही. त्याची उद्यम नोंदणी होती, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद. थकलेल्या बिलासाठी, लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत या कायद्याचा धाक अनेक फ्रीलान्सर घालतात. कंपनीला तो लागतो, कारण वेळेत न दिलेला खर्च तिला त्या वर्षीच्या करपात्र नफ्यातून वजा मिळत नाही. शेती उत्पन्नावर जगणाऱ्या बागायतदाराला त्याने फारसा फरक पडत नाही. तिथे हप्त्यांची रचनाच कामाला येते.

अठरा पर्याय की तीन वस्तू

आंबा विकणारा माणूस आपला माल असा सांगतो: तीन आकार (२०० ते २५० ग्रॅम, २५० ते ३००, ३०० च्या वर), एक डझन, दोन डझन किंवा पेटी, आणि तयार किंवा कच्चा. वू-कॉमर्स शिकलेला कोणीही हे ऐकून एक 'व्हेरिएबल' (एकाच नावाखाली अनेक पर्याय असलेली) वस्तू बनवतो. तीन गुणिले तीन गुणिले दोन, एकूण १८ पर्याय. पहिली मांडणी अशीच झाली आणि डेमोला ती सुरेख दिसली.

अडचण पहिल्याच आठवड्यात दिसली. भाव ठरतो तो आकारावर, डझनाला. सकाळी भाव बदलला की बागायतदाराला १८ रकाने भरायचे, आणि एक जरी चुकला तरी दोन डझनाचा भाव एका डझनाच्या दुपटीहून जास्त दिसायचा. साठ्याचा प्रश्न त्याहून बिकट. बागेत २५० ग्रॅमचे ४० डझन तयार असतील तर ते कोणी एकेक डझन नेईल, कोणी पेटीने. प्रत्येक पर्यायाला वेगळा साठा द्यावा तर ४० डझन कशात किती वाटायचे? आणि साठा मूळ वस्तूवर ठेवावा तर वू-कॉमर्स पाच डझनांच्या पेटीमागे साठ्यातून एकच आकडा वजा करतं, पाच करत नाही. कोडमधून तो गुणाकार करता येतो. पण मग कार्टमध्ये टाकतानाची तपासणी, ऑर्डर रद्द झाल्यावर साठा परत चढवणं आणि अर्धवट परतावा या तिन्ही ठिकाणी तोच गुणाकार सांभाळावा लागतो.

शेवटी उत्तर साधं निघालं. आकारानुसार तीन साध्या वस्तू. एकक डझन. साठा डझनात. 'एक डझन', 'दोन डझन', 'पाच डझन' ही फक्त बटणं, जी संख्येच्या रकान्यात १, २ किंवा ५ भरतात. तयार की कच्चा ही निवड ऑर्डरमधल्या त्या ओळीसोबत टिपण म्हणून जाते. तिचा भावाशी किंवा साठ्याशी संबंध नाही, ती फक्त पॅकिंगवाल्याला हवी असते, कारण त्यावरून कोणता माल आढीतून काढायचा ते ठरतं. पाच किंवा अधिक डझन घेतल्यास डझनामागे ₹३० कमी, हा एक छोटा नियम. भाव बदलण्यासाठी तीन रकान्यांचं एकच पान, मोबाइलवर उघडणारं.

'पेटी' हा शब्दही साइटवरून काढावा लागला. लाकडी पेटीत डझन किती हे फळाच्या आकारावर ठरतं: मोठं फळ कमी, लहान फळ जास्त. गावच्या व्यवहारात हे सर्वांना ठाऊक असतं, पण बंगळूरच्या गिऱ्हाईकाला 'पेटी' म्हणजे किती हे विचारायला फोन करावा लागतो. 'पाच डझनांचा बॉक्स' लिहिल्यावर ते फोन थांबले.

ही फेरमांडणी करायला नऊ तास गेले. ते ७० च्या अंदाजात बसले, कारण चाचणीची साइट मान्य होण्याआधीच ती झाली. पहिल्या भेटीत 'काल भाव कसा ठरला? कोणी ठरवला? किती वाजता?' हे तीन प्रश्न विचारले असते तर अठरा पर्याय बनलेच नसते.

पिनकोड आणि वजन

वू-कॉमर्समध्ये डिलिव्हरीचे विभाग वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला जुळेल तो लागतो. पिनकोडचा गट तारांकित, म्हणजे उरलेल्या आकड्यांऐवजी * टाकून, लिहिता येतो: ४११ ने सुरू होणारे सगळे म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड, ४०० ने सुरू होणारे म्हणजे मुंबई आणि ठाण्याचा बराच भाग. इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ ४१० आणि ४१२ मध्ये होतो. पनवेल ४१०२०६ आणि लोणावळा ४१०४०१: पहिल्या तीन आकड्यांवर विभाग केला तर दोघांना एकच दर आणि एकच दिवस लागतो, आणि गाड्या मात्र वेगळ्या. वाघोली ४१२२०७ आहे. तिथला माणूस स्वतःला पुण्याचाच समजतो आणि 'आमच्याकडे डिलिव्हरी नाही' हा संदेश पाहून दुकान सोडून जातो. म्हणून ४१० आणि ४१२ साठी तारांकित गट टाळून चालू पिनकोड एकेक लिहिले, आणि हा विभाग यादीत सर्वांत वर ठेवला.

कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला साधारणपणे ५,००० ने भागायचं. एका डझनाचा बॉक्स ३६ × २८ × १२: भागाकार २.४२ किलो. प्रत्यक्षात २७५ ग्रॅमची बारा फळं ३.३ किलो आणि खोका, पेंढा मिळून ३.७. आंबा जड माल आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वजनच लागतं आणि डझनावर हिशेब सरळ चालतो. एकक डझन ठेवल्याचा इथे दुसरा फायदा झाला. सपाट दराच्या रकान्यात संख्येचं सूत्र लिहिता येतं, त्यामुळे 'मूळ ₹८० आणि डझनामागे ₹४०' हे कोणतंही जास्तीचं प्लगिन न घेता बसलं. आमरसाचे डबे त्याच कार्टमध्ये आले की तेही संख्येत मोजले जातात. म्हणून आंबा आणि डबे यांना वेगवेगळे शिपिंग वर्ग द्यावे लागले.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवली. घर बंद म्हणून तयार आंबा दोन दिवस कुरियरच्या गोदामात पडला तर परत येतो तो विकायच्या लायकीचा नसतो.

कराची मांडणी डेव्हलपरने ग्राहकाच्या सीएकडून लेखी घेतली. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, डबाबंद रसावर आहे, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. नोंदणी येईपर्यंत डबे आणि आंबापोळी फक्त महाराष्ट्रातल्या पिनकोडना दाखवली. हा निर्णय डेव्हलपरने स्वतःच्या अंदाजाने घेऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवरची सीएची दोन ओळींची नोंदसुद्धा पुरते.

खाती कोणाच्या नावावर

साइट नवी होती पण डोमेन चार वर्षांपूर्वीचं. आधीच्या एका एजन्सीने ते स्वतःच्या खात्यात घेतलं होतं आणि त्यावर ग्राहकाचा ईमेल चालू होता. इथे दोन खड्डे असतात.

पहिला: डॉट कॉम डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) न्यायचं तर आधी मालकाचं नाव बदलू नये. मालकाचा तपशील बदलला की साठ दिवसांचं कुलूप लागू शकतं. ते आधी नाकारण्याची सोय काही रजिस्ट्रार देतात, सगळे देत नाहीत. म्हणून क्रम असा: कुलूप काढणं, ऑथ कोड (बदलीचा परवलीचा शब्द) घेणं, बदली करणं, आणि मग नाव. बदलीला पाचेक दिवस लागतात आणि मुदत एक वर्षाने वाढते, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही.

दुसरा: डीएनएसची नोंद (डोमेनची साइट आणि ईमेल कोणत्या सर्व्हरवर आहेत ते सांगणारी) एजन्सीकडेच होती. नवीन होस्टिंगचे नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) टाकले की साइट चालू होते आणि ईमेल गुपचूप बंद पडतो, कारण ईमेलच्या एमएक्स नोंदी जुन्या जागी राहतात. चार दिवसांनी कोणीतरी 'मेल पाठवला होता' म्हणतं तेव्हा कळतं. या कामात बदलाच्या आदल्या दिवशी सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या (ए, सीनेम, एमएक्स, आणि ईमेल खरा असल्याची खात्री देणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएमच्या टीएक्सटी), टीटीएल (इतर सर्व्हरनी जुनी नोंद धरून ठेवण्याची मुदत) ३०० सेकंदांवर आणला, नव्या जागी त्या भरल्या आणि मगच नेमसर्व्हर बदलले. ईमेल तासभरही थांबला नाही. मार्चमध्ये बदलीच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवून डोमेनची बदली जूनवर ढकलली. हंगामाच्या तोंडावर मालकीपेक्षा चालू राहणं महत्त्वाचं, हा निर्णय बरोबर होता. एजन्सीने नेमसर्व्हर बदलायला आडकाठी केली असती तर मात्र दुसरं डोमेन घेणं हाच मार्ग उरला असता.

पेमेंट गेटवे म्हणून रेझरपे निवडलं. खातं चालू करायला पॅन, बँक खात्याचा पुरावा आणि साइटवर पाच पानं लागली: संपर्क, गोपनीयता, अटी, रद्द करणं व परतावा, डिलिव्हरी. ही पानं कोरी किंवा दुसऱ्या साइटवरून उचललेली असली की अर्ज परत येतो. परताव्याच्या पानावर साक्यासाठी (फळ आतून खराब निघणं) 'साका निघाल्यास पोच मिळाल्यापासून २४ तासांत कापलेल्या फळाचा फोटो' अशी स्पष्ट ओळ टाकली. बँक खात्यावर वडिलांचं नाव वेगळ्या स्पेलिंगने असल्याने पडताळणी नऊ दिवस अडकली. गेटवेच्या चाचणीच्या किल्ल्यांवर (ज्यांत खरे पैसे हलत नाहीत) काम त्या काळात चालू राहिलं, पण अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात केला होता म्हणून निभावलं. मार्चमध्ये केला असता तर पाडवा गेला असता.

₹२,४०० च्या ऑर्डरवर २ टक्के म्हणजे ₹४८, त्यावर १८ टक्के जीएसटी ₹८.६४. एकूण ₹५६.६४ कापून उरलेली रक्कम दोन कामाच्या दिवसांनी बँकेत. हा आकडा ग्राहकाला आधीच लिहून दिला, नाहीतर पहिल्या जमेच्या दिवशी 'पैसे कमी आले' हा फोन ठरलेला असतो.

गेटवेच्या खात्याचा ईमेल मात्र बागायतदाराच्या पुतण्याचा दिला गेला. त्या दिवशी ओटीपी त्याच्या फोनवर येत होता, एवढंच कारण.

पैसे आले, ऑर्डर रद्द

साइट २४ मार्चला सुरू झाली. पाडव्याच्या आठवड्यात सगळं सुरळीत. एप्रिलच्या मध्यात लॉगिन पानावर बॉटचे हल्ले वाढले, म्हणून १७ एप्रिलला डेव्हलपरने फायरवॉलमध्ये (साइटवर येणाऱ्या नको त्या विनंत्या अडवणाऱ्या पहाऱ्यात) नियम टाकला: ब्राउझरची ओळख न सांगणाऱ्या पोस्ट (साइटला माहिती पाठवणाऱ्या) विनंत्या अडवायच्या. हल्ले थांबले.

२८ एप्रिलच्या संध्याकाळी, तृतीयेच्या पाठवणीच्या शेवटच्या दिवशी, बागायतदाराला तीन गिऱ्हाइकांचे फोन आले. पैसे कापले गेले आहेत आणि ईमेलवर 'ऑर्डर रद्द' असं आलं आहे.

काय झालं ते टप्प्याटप्प्याने असं. मोबाइलवर यूपीआयने पैसे देणारा माणूस दुकानातून पेमेंट अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी खूण पाहतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. तो ब्राउझरमध्ये परतला तर दुकानाला लगेच कळतं. परतलाच नाही, किंवा फोनने मागचं टॅब मारून टाकलं, तर कळण्याचा एकच मार्ग उरतो: गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला जो निरोप देतो तो वेबहुक. हा निरोप म्हणजे ब्राउझरची ओळख न सांगणारी पोस्ट विनंतीच. फायरवॉलने त्याला ४०३ दिला, म्हणजे प्रवेश नाकारला. रेझरपे असा निरोप थांबत थांबत २४ तास पुन्हा पाठवतं, आणि सतत अपयश आलं तर वेबहुकच बंद करून ईमेलने कळवतं. ते कळवणं पुतण्याच्या इनबॉक्समध्ये पोचलं आणि जाहिरातींच्या टॅबमध्ये पडून राहिलं.

इकडे वू-कॉमर्स पैसे न आलेल्या ऑर्डरचा साठा ६० मिनिटं धरून ठेवतं. ही त्याची मूळ सेटिंग आहे. साठ मिनिटांनी ऑर्डर रद्द, साठा परत दुकानात. तो साठा पुढच्या गिऱ्हाइकाने घेतला. म्हणजे एकाच डझनाचे पैसे दोघांनी भरले होते.

त्या रात्री गेटवेच्या यादीतली 'कॅप्चर्ड' (पैसे मिळालेली) पेमेंट एका तक्त्यात आणि दुकानाच्या ऑर्डरी दुसऱ्या तक्त्यात घेऊन जुळवल्या. २७ आणि २८ एप्रिलच्या ११ ऑर्डरी अशा निघाल्या, ₹२१,४५० च्या. मागे १७ तारखेपर्यंत जाऊन पाहिलं तर आणखी पाच. त्या पाचांचे पैसे बागायतदाराने फोन आल्यावर 'गिऱ्हाइकाने रद्द केली असेल' समजून आधीच परत केले होते. लक्षण दहा दिवस समोर होतं. गर्दी नव्हती म्हणून ते किरकोळ वाटलं.

दुरुस्ती या क्रमाने झाली. प्रथम फायरवॉलमध्ये वेबहुकच्या एकाच पत्त्याला सूट. ही सूट सुरक्षित आहे, कारण निरोपासोबत गुप्त किल्लीने केलेली सही येते आणि प्लगिन ती तपासतं. मग वेबहुक पुन्हा चालू करून एक रुपयाची खरी ऑर्डर: पैसे देऊन मुद्दाम ब्राउझर बंद केला आणि ऑर्डर 'प्रोसेसिंग'मध्ये (पैसे आलेल्या ऑर्डरींत) जाते का ते पाहिलं. सुरुवातीच्या चाचणीत नेमकं हेच राहिलं होतं. तेव्हा प्रत्येक वेळी परत येऊनच पाहिलं गेलं होतं, आणि तेही फायरवॉल नसलेल्या चाचणीच्या साइटवर. तिसरं, ऑर्डर रद्द होण्याआधी गेटवेला 'या ऑर्डरचे पैसे आलेत का?' असं विचारणारा तीसेक ओळींचा कोड. साठा धरण्याची मुदत नुसती वाढवून भागत नाही. ती २४ तास केली तर पैसे न देणारेच तृतीयेचा सगळा माल अडवून बसतात. चौथं, रोज रात्री दोन याद्या जुळवून फरक ईमेल करणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम). पाचवं, वेबहुक बंद पडल्याची सूचना ग्राहक आणि डेव्हलपर दोघांच्या ईमेलवर.

अकरांपैकी सहा गिऱ्हाइकं तृतीयेनंतरचा माल घ्यायला तयार झाली. त्यांना बागायतदाराने स्वतः फोन केला. अशा वेळी डेव्हलपरच्या ईमेलपेक्षा बागेतला आवाज चालतो. पाच जणांचे ₹९,७५० परत केले. परताव्यावर गेटवेचं शुल्क परत मिळत नाही, ते सुमारे ₹२३० गेले. डेव्हलपरने १३ तासांचं बिल लावलं नाही. फायरवॉलचा नियम त्याचाच होता, तेव्हा ते योग्यच.

त्याच काळात सुटलेला आणखी एक छोटा दोष: सकाळी सातला भाव बदलला तरी वस्तूच्या पानावर दुपारपर्यंत जुनाच आकडा. कार्ट आणि चेकआउट ही पानं कॅशमधून (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रतींमधून) वगळली होती, त्यामुळे पान ₹१,०५० म्हणायचं आणि कार्ट ₹१,१००. गिऱ्हाइकाला ही फसवणूक वाटते. भावाचं तीन रकान्यांचं पान जतन झालं की त्या तीन वस्तू आणि मुखपृष्ठ यांची कॅश पुसायची, एवढं जोडल्यावर प्रश्न संपला.

मजकूर, फोटो आणि 'जरा एवढं'

ठरल्याप्रमाणे मजकूर १ फेब्रुवारीला यायचा होता, आला २२ ला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले गेल्यामुळे दबलेले. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून मागवल्यावर मूळ मिळाले, प्रत्येकी चार-पाच एमबी. १,२०० पिक्सेल रुंद वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून ते १४० केबीच्या आसपास आणले. बागेचा ३८ एमबीचा व्हिडिओ मुखपृष्ठावर आपोआप सुरू व्हावा हा हट्ट होता. तो मोबाइल डेटावर उघडून दाखवल्यावर आपसूक सुटला.

फेब्रुवारीच्या शेवटी 'मराठीबरोबर इंग्रजी पण टाका, फक्त भाषाच तर आहे' अशी मागणी आली. याला ₹१८,००० चं वेगळं अंदाजपत्रक दिलं: सात पानं, पाच धोरणं, ऑर्डरचे ईमेल, चेकआउटचे संदेश, सगळं दोनदा. नकार न देता आकडा लिहून देणं इथे कामी आलं. ग्राहकाने विचार केला आणि फक्त वस्तूंची नावं दोन भाषांत ठेवली. दोन तासांचं काम, अंदाजातच झालं.

बारीक मागण्यांना मात्र आकडा लावला गेला नाही. बॅनर बदला, उद्या गाडी नाही अशी पट्टी लावा, अमुक गिऱ्हाइकाचा पत्ता दुरुस्त करा. प्रत्येक दहा-पंधरा मिनिटांची, तीही रात्री दहानंतर. ४ एप्रिलपासून महिना ₹५,००० ला सहा तासांपर्यंत देखभाल असं ठरलं, त्यापुढे तासाला ₹९००. त्या आधीचे १२ तास फुकट गेले. देखभालीचा आकडा मूळ अंदाजपत्रकात हवा. हंगाम सुरू झाल्यावर तो मांडला की अडवून पैसे मागितल्यासारखा दिसतो.

शेवटचा हप्ता

₹१३,००० चा हप्ता २४ मार्चला देय होता, मिळाला १२ मेला. बागायतदाराची वृत्ती वाईट नव्हती. त्याच्या दृष्टीने 'लाइव्ह' म्हणजे तक्रारी संपणं, आणि तृतीयेच्या घोटाळ्यानंतर ते आणखी लांबलं. साइट बंद करून पैसे काढण्याचा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. चालू हंगामात गिऱ्हाइकांचे पैसे अडकलेलं दुकान बंद पाडणं म्हणजे भांडण वकिलाकडे नेणं, आणि कोकणासारख्या ठिकाणी पुढची चार कामंही घालवणं. वेळेत पैसे न आल्यास देखभाल थांबेल, एवढीच ताकद करारात ठेवावी. कलमाची नवी शब्दरचना अशी झाली: 'ग्राहकाच्या डोमेनवर पहिली खरी ऑर्डर पेमेंटसह यशस्वी झाल्याच्या तारखेपासून सात दिवसांत.' ती तारीख गेटवेच्या यादीत छापलेली असते, तिच्यावर वाद होत नाही.

जूनमध्ये हापूसच्या तीनही वस्तू न पुसता 'साठा संपला' वर ठेवल्या, म्हणजे पत्ते आणि शोधातलं स्थान टिकतं. खाली पुढच्या हंगामासाठी फोन नंबर नोंदवण्याचा रकाना. आमरसाचे डबे चालू. डोमेनची बदली त्याच महिन्यात झाली, मालकाचं नाव त्यानंतर बदललं, आणि गेटवेच्या खात्यावर बागायतदाराचा स्वतःचा ईमेल आला. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक ₹२२,००० अधिक मार्च ते मे देखभाल: निम्मे जानेवारीत, मजकूर आणि फोटो १० फेब्रुवारीपर्यंत, आणि ते जितके दिवस उशिरा येतील तितके दिवस सुरू होण्याची तारीख पुढे. शेवटचं कलम वाचून बागायतदार म्हणाला, "मग पाडवा चुकला तर तो माझ्यावर?" उत्तर 'हो' असं लेखी दिलं गेलं, आणि त्याने सही केली.